हिरोच्या गळ्यात मंगळसूत्र

धंतोलीच्या एका दवाखान्यात मी मावशीच्या रिपोर्टची वाट पाहत बसलो होतो. हातातल्या मोबाईलवर माझं लव्ह स्टोरी लिहिणं सुरू होतं, अन् डायलॉग मी हिरोचा भारी आवाज काढून म्हणून पाहत होतो, "प्रिये, तुझ्याविना माझा प्रत्येक श्वास अपुरा आहे!"

शेजारचे काका वळले. "दमा हाये का गा त्याले?"

तेवढ्यात त्यांच्या बायकोला ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं. नर्स म्हणाली, दागिने काढा. काकूंनी मंगळसूत्र काढून दिलं. काकांनी खिसा चाचपला, भरवसा वाटला नाही, तर सरळ स्वतःच्या गळ्यात घालून वरून बटनं लावली. रडायच्या बेतात असलेल्या काकू फसकन हसल्या.

"लवकर ये वं," काका म्हणाले, "खाज सुटून राहिली मले."

दार बंद झालं. त्यानंतर काका माझी टर उडवायचंही विसरले. नुसते वरचं बटन उघडून, शर्टात हात घालून मणी चाचपत बसले.

काकूंना बाहेर आणलं. त्यांनी अर्धवट गुंगीतच डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं.

"बटन लावा जी. लोकं पाहून राहिले."

काका बटन लावता लावता रडले.

मी मोबाईल उघडला अन् तो डायलॉग खोडून माझ्या हिरोचा दमा बरा करून टाकला.