सात नंबरच्या मचाणाला पिवळा शेरा

शनिवारी सकाळी सहा वाजता मी जंगलाच्या कडेला ओल्या गवतात उभी होते आणि बहात्तर वर्षांचे हेर फोग्ट, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत फोग्ट, माझ्यासमोर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. त्यांच्या पत्नी वर मचाणावर जाऊन बसल्याही होत्या. त्या मचाणाचे खांब आतून कुजले आहेत हे आम्हा तिघांत फक्त मला माहीत होतं. आणि मला ते मंगळवारपासून माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, मग मंगळवारीच का नाही तोंड उघडलंस? तेच सांगायला बसलेय.

मी साताऱ्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. नवऱ्याला जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून इकडे आलो. दोन वर्षं जर्मन घोकून मी एका छोट्या तपासणी ऑफिसात चिकटले. शिड्या, परांच्या, बालवाडीतल्या घसरगुंड्या, ज्यावर माणूस चढतो आणि ज्यावरून तो पडू शकतो ते सगळं आमच्याकडे येतं. २०१६च्या मे महिन्यात त्यात शिकाऱ्यांची मचाणं आली.

इथे हरणाची शिकार कायदेशीर आहे. शिकारी जंगलाचा तुकडा भाड्याने घेतो. हरणं फार झाली की कोवळी रोपं खाऊन फस्त करतात, म्हणून ठरलेली हरणं मारणं हे त्याच्यावर बंधनच असतं. तो बसतो लाकडी मचाणावर. त्याला म्हणतात होखझिट्झ. उंचावर बसण्याचं खरं कारण म्हणजे गोळी खाली जाते. नेम चुकला तरी ती मातीत घुसते, पलीकडे कुत्र्याला फिरवणाऱ्या आजोबांना लागत नाही. नातेवाईक मला फोनवर विचारतात, "अगं, हरणं मारायला मदत करतेस?" मी सांगते, वर चढलेला माणूस जिवंत खाली यावा एवढंच माझं खातं. हरणाचं खातं वेगळं.

शेजारच्या जंगलात एक शिकारी मचाणावरून पडला आणि त्याने कंबर मोडून घेतली. गावाने ठरवलं, सगळी मचाणं बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायची. हेर फोग्टांची अकरा मचाणं माझ्या वाट्याला आली.

हेर फोग्ट म्हणजे व्यवस्थित माणूस. प्रत्येक मचाणाला नंबर, प्रत्येक नंबराला वही. झाडाला टेकवलेल्या शिड्यांचे पट्टे ते दरवर्षी सैल करतात, कारण झाड जाडीला वाढतं आणि पट्टा सालीत रुततो. पायऱ्या नुसत्या खिळ्यांवर नाहीत, प्रत्येकीच्या खाली लाकडाचा ठोकळा. खिळा गंजतो, ठोकळा सांगून मोडतो. मी सहा मचाणांना हिरवा शेरा दिला आणि मनात म्हटलं, अशी गिऱ्हाइकं मिळोत.

मग आलं सात नंबर. मोठ्या कुरणाच्या पश्चिम कडेला, चार खांबांवर, जमिनीपासून अडीच मीटर. पांढरं शुभ्र. बर्चचं लाकूड, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा चुलतभाऊ, आणि साल न काढता तसंच वापरलेलं.

"हे माझ्या हेल्गाचं," हेर फोग्ट म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम सोळा वर्षांचा झाला. "जागा तिने निवडली, लाकूडही तिनेच. बारा वर्षं झाली. ती वर बसून मोजे विणते, मी हरणाची वाट बघतो. शनिवारी तिचा सत्तरावा वाढदिवस. सूर्योदयाला आम्ही दोघं इथे बसणार."

मी खाली वाकले. लाकूड वर कुजत नाही आणि खोल मातीतही फारसं कुजत नाही. कुजतं ते माती संपते आणि हवा सुरू होते तिथे. म्हणून आम्ही तिथे आधी हातोडीने वाजवतो आणि मग स्क्रू ड्रायव्हर टोचतो. चांगलं लाकूड टणटण बोलतं. हे बोललं उशीसारखं. स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. बर्चची साल पाणी धरून ठेवते. बाहेरून अगदी धुतलेल्या धोतरासारखं दिसतं आणि आत सगळा भुसा. वरून कीर्तन, आतून तमाशा! चारपैकी तीन खांब असेच. पायऱ्या मात्र त्याच वर्षी बदललेल्या, नव्याकोऱ्या.

आमचे शेरे तीन. हिरवा म्हणजे वापरा. पिवळा म्हणजे सहा आठवड्यांत दुरुस्त करा, तोवर जपून वापरा. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी बंद, दोरी बांधा. हे लाल होतं. आंधळ्यालाही लाल दिसलं असतं.

मी उठले. हेर फोग्ट माझ्याकडे बघत होते, पाचवीच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे. घरी मी कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण वडीलधारं माणूस असं बघायला लागलं की माझी जीभच रेटत नाही. मी म्हणाले, "हेर फोग्ट, याच्याकडे जरा बघायला हवं."

"जा, जा, गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे हो, हो, अगदी बरोबर.

आता साताऱ्यात तुमच्या बैलगाडीच्या चाकाकडे बघून कुणी म्हणालं, "जरा बघायला हवं," तर तुम्ही त्या गाडीत पाय ठेवता का? नाही ना! तो नकारच असतो, फक्त अंगावर शाल घातलेला. मला वाटलं, पोचलं. म्हाताऱ्याचा वाढदिवसाआधी विरस नको म्हणून रिपोर्टात पिवळा शेरा टाकला आणि एक प्रत त्यांना पाठवली. तो स्वतःहून चढणार नाहीच, पुढच्या आठवड्यात लाल करू. भीड भिकेची बहीण, असं आई उगाच नव्हती म्हणत.

शुक्रवारी दुपारी तीनला फ्राउ लांगे, म्हणजे लांगेबाई, माझ्या बॉस, माझा रिपोर्ट घेऊन टेबलापाशी आल्या.

"फ्राउ मोहिते, हा फोटो कसला?"

"स्क्रू ड्रायव्हरचा."

"मला मूठ दिसतेय. बाकीचा कुठे आहे?"

"लाकडात."

"आणि शेरा?"

"पिवळा." मी घाईघाईने पुढे म्हटलं, "पण मी त्यांना सुचवलंय."

"कुठल्या कॉलमात?"

"कॉलमात नाही हो. बोलण्यात. त्यांना समजलंय."

फ्राउ लांगेंनी चष्मा काढला. "पिवळा म्हणजे जपून वापरा. ते जर्मन आहेत. ते जपून वापरतील."

डोळ्यांसमोर दोघं म्हातारे, थर्मास, विणायच्या सुया आणि खाली भुसा. लगेच फोन लावला. कुणी उचलेना. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा लावला. ईमेल टाकला. शेवटी त्यांच्या घरी जाऊन आले, तर शेजारीण म्हणाली, दोघं लेकीकडे जेवायला गेलीत आणि उद्या तिकडूनच परस्पर जंगलात जाणार. लेकीचा पत्ता काही तिला ठाऊक नव्हता. अंधारात जंगलात ते मचाण मला सापडलं नसतं, म्हणून पहाटेच तिथे गाठायचं ठरवलं.

घरी नवरा म्हणाला, "मला एका श्वासात चार वेळा नाही म्हणतेस. त्या म्हाताऱ्याला एकदा म्हणायला काय झालं होतं?" मी त्याला भाजी चिरायला बसवलं.

तर शनिवार. मी पोचेपर्यंत उशीर झाला होता, बाई वर आणि बुवा तिसऱ्या पायरीवर. मी धावत पुढे गेले. हेर फोग्टांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग त्याच बोटाने कुरणाकडे दाखवलं. पन्नास पावलांवर एक हरणी आणि तिचं पिल्लू उभं होतं, धुक्यात पोटापर्यंत बुडालेलं. वर फ्राउ फोग्ट दोन्ही हात गालांवर ठेवून बघत होत्या.

आणि खरं सांगते, मी तेव्हाही कुजबुजले! "हेर फोग्ट, तुम्हाला शक्य असेल तर जरा..."

त्यांनी मान डोलावली आणि चौथ्या पायरीवर पाय ठेवला. डावीकडचा खांब जमिनीपाशी दबला. आवाज फार मोठा नव्हता. चहात बुडवलेला टोस्ट मोडावा तेवढाच.

"अहो, उतरा खाली! मरायचंय का?"

हे मी मराठीत ओरडले. पोटातून, शिवारातल्या आवाजात. हेर फोग्टांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण ते दोन सेकंदांत जमिनीवर होते. हरणी आणि पिल्लू गायब. फ्राउ फोग्ट वरून जर्मनमध्ये जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही.

"फ्राउ फोग्ट, हलू नका! कठड्याला टेकू नका, मधोमध बसा! खांब कुजलेत!" आता जर्मन सापडलं होतं. गाडीत आमची तपासणीची शिडी होती, आपल्याकडे रंगारी वापरतात तसा घोडा, स्वतःच्या चार पायांवर उभा राहणारा. तो मी मचाणाला न टेकवता शेजारी लावला, हेर फोग्टांना त्याचे पाय धरून ठेवायला सांगितलं, आणि फ्राउ फोग्टना एकेक पाऊल करत उतरवलं. उतरताना त्यांनी विणकामाची पिशवीसुद्धा सोडली नाही.

मी हेर फोग्टांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. त्यांनी टोचला, मुठीपर्यंत आत. दुसरा खांब, तिसरा खांब. मग ते जीपमधून दोर घेऊन आले, आम्ही लांब उभ्या राहिलो आणि त्यांनी गाडी हळूच पुढे घेतली. बारा वर्षांचं मचाण बसल्या म्हशीसारखं आडवं झालं.

"पिवळा का दिलात?" ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "मी रिपोर्ट तीनदा वाचला. जपून वापरा, म्हणून मी आज एकेक पायरी जपून चढत होतो!"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. चक्क जंगलात, अंगावर ऑफिसचं जॅकेट असताना. "सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

फ्राउ फोग्टनी थर्मासमधली कॉफी ओतून माझ्या हातात दिली. "फ्राउ मोहिते," त्या म्हणाल्या, "वाईट वाटून घेता येतं मला. पंचेचाळीस वर्षं याच्याशी संसार केलाय. पण सत्तराव्या वर्षी मांडीचं हाड मोडलं तर ते नाही जुळत."

सोमवारी मी फ्राउ लांगेंना सगळं सांगितलं, मराठीतल्या आरोळीसकट. त्यांनी माझ्या फाइलीत एक कागद लावला आणि सहा महिने माझ्या प्रत्येक रिपोर्टावर स्वतः सही केली. लागलं मला ते. पण नोकरी राहिली.

जूनमध्ये नवीन सात नंबर उभं करायचं ठरलं. साल काढलेलं, सहज न कुजणारं लार्चचं लाकूड, खांब मातीत न पुरता दगडावर, आणि वर्षाला दोनदा तपासणी. जागा ठरवायला हेर फोग्टांनी मला बोलावलं. ते तडक कुरणाच्या पूर्व कडेला गेले आणि म्हणाले, "इथे."

"जुनी जागा का नको?"

"तिकडे वारा नेहमी पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवरून येतो. माणसाचा वास थेट कुरणात. हरीण कशाला येईल? आणि सकाळचं ऊन डोळ्यांत. त्या शनिवारी वारा उलटा होता म्हणून दिसली ती. बारा वर्षांत तिथून मी एक हरीण मारलं नाही."

"आणि हे तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

हेर फोग्टांनी आजूबाजूला पाहिलं. जंगलात आम्ही दोघंच होतो, तरी त्यांनी आवाज उतरवला. "तिला तिथून सूर्योदय आवडायचा हो. वाईट वाटलं असतं."

मी वही काढली आणि पूर्व कडेवर खुणेची खुंटी ठोकली. बायकोला काय कारण सांगितलंत, हे मी विचारलं नाही आणि फ्राउ फोग्टकडे माझ्याकडून काही गेलंही नाही.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी शेरा सांगते, मग कॉफी घेते. लाकूड कुजलं असेल तर तोंडावर सांगावं. जागा चुकली असेल तर ती कुणी निवडली, हे आधी विचारून घ्यावं.