शाळा सुटली तवा वढा भरलेला

"अवो मॅडम, वढा भरलाय. पोरीला कावून सोडलं तुमी?"

सारजाबाईनं फोन तोंडासमोर आरशासारखा धरला होता. फोन शेजारच्या आश्रुबाचा. त्यानंच नंबर लावून दिला होता आणि फोन भिजू नये म्हणून तिच्या डोक्यावर छत्री धरून तो उभा होता.

पलीकडून उज्ज्वला मॅडमचा आवाज तुटत तुटत आला. "मावशी, वरून आदेश आला. आत्ताच्या आत्ता शाळा सोडा म्हणून. आम्ही सोडली."

"सोडली ते कळलं. पर धनश्री वढ्याच्या अल्याडची हाय, ठावं न्हाई व्हय तुमाला?"

"गावातलीच लेकरं जास्त ना मावशी, गडबडीत सगळ्यांनाच घरी जा म्हटलं. मी पण निघालेय. रस्ता बंद व्हायच्या आत घाटनांदूर..."

पुढं नुसती खरखर.

"मॅडमबी सुटली," आश्रुबा म्हणाला.

"गप रं. तिचंबी घर हाय."

वस्ती वढ्याच्या अलीकडं आणि शाळा पलीकडं, गावात. मधी नळ्या टाकून केलेला फरशीपूल. दहा महिने त्याच्यावर शेळ्या उन्हाला बसतात. सारजाबाईचा जन्म मेंढरामागं गेला. माजलगावकडं उसाच्या रानात कळप बसवला, तिथंच पालात तिचा पोरगा नाथा झाला. शाळा तिनं बाहेरून पाहिलेली. तिची नात धनश्री मात्र सहावीत गेली होती आणि घरातलं कुणी इतकं पुढं गेलं नव्हतं, म्हणून शाळा चुकवायची नाही हा सारजाबाईचाच दंडक.

आदल्या दिवशी सुट्टी होती. मुसळधार पाऊस होणार म्हणून शाळा बंद, आणि दिवसभर कडक ऊन. वस्तीवर लई हसणं झालं. आज सकाळी ढग काळे झाले तेव्हा पोरगी म्हणालीसुद्धा, "आजी, आज बी सुट्टीच देतेत बघ."

"काल देली ना उनात? आता रोज देतेत व्हय? जा."

नाथा आणि सून बबिता कळप घेऊन डोंगरावर गेले. चिखलात मेंढराचे खूर सडतात, म्हणून वरचं मुरमाड रान. तिथं रेंज नाही.

आता पुलाचे कठडे तेवढे वर दिसत होते. पाणी तांबडं होऊन वरून चाललं होतं.

पलीकडच्या उतारावर धनश्री दिसली. दप्तर डोक्यावर, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला. सारजाबाईनं हाक मारली. तिच्या हाकेला डोंगराच्या पल्याडचं मेंढरू मान वर करायचं, पण वढ्याच्या गाजेत ती हाक तिला स्वतःलासुद्धा धड ऐकू आली नाही.

तिनं अंगावरची घोंगडी काढली आणि डोक्यावर गरागरा फिरवली. मागं फिर. मागं फिर.

पोरगी सरळ पाण्यात उतरली.

"आगं माय," आश्रुबाच्या हातातली छत्री वाकडी झाली.

घोंगडी हवेत होती तशीच सारजाबाईनं खाली ओढली. चूक तिच्या ध्यानात आली होती. लांबचा कळप जवळ बोलवायचा तर घोंगडी अशीच फिरवतात, आणि पोरगी रांगत होती तेव्हापासून हेच बघत आली होती. आजीनं बोलावलं म्हणून ती निघाली होती. पाणी तिच्या मांडीला लागलं होतं.

सारजाबाईनं घोंगडी चिखलात अंथरली आणि तिच्यावर बसली. हलली नाही. कळप जिथं आहे तिथंच बसवायचा झाला की मेंढका असंच करतो.

धनश्री कठड्याला धरून थांबली. बघत राहिली. मग एक एक पाय मागं घेत काठावर गेली आणि बाभळीखाली दप्तर मांडीवर घेऊन बसली.

अलीकडं आजी, पलीकडं नात. मधी पाणी, आणि वरून पाऊस.

"आता तिला गावात जायाला सांग की," आश्रुबा म्हणाला. "भिजून काकडून जाईल पोर."

"कसं सांगू?"

"खूण कर एखादी."

"कंची करू? बोलवायची हाय, बसवायची हाय. दुसऱ्याच्या घरी जा म्हनून मेंढराला कोन सांगतंय, आश्रुबा? ती खूण आपल्यात न्हाई."

आश्रुबानं गावातल्या अर्जुनरावांना फोन लावला. लागत नव्हता. चारदा लावल्यावर लागला. "बघतो, कुणाला तरी पाठवतो," एवढं ऐकू आलं आणि तो फोन पण तुटला.

"पाठवतेत का?"

"म्हनले तर."

सारजाबाई उठली नाही. उठली तर पोरगी उठेल. खोकला आला तरी तिनं हात तोंडाकडं नेला नाही.

दुपार कलली तेव्हा पलीकडच्या उतारावरून एक काळी छत्री आली. छत्रीखालचा माणूस बाई का बाप्या, तेही पावसात कळेना. छत्री बाभळीपाशी थांबली. काही बोलणं झालं असावं. धनश्री उभी राहिली, दप्तर पाठीला लावलं आणि आजीकडं बघत राहिली. जाऊ का, असंच ते बघणं होतं.

सारजाबाईला मान हलवायची होती. पण एवढ्या लांबून मान कुणाला दिसते, आणि हात हलवायची तर आता भीतीच बसली होती.

छत्री चालू लागली. पोरगी तिच्यामागं दोन पावलं जायची, वळायची, परत दोन पावलं जायची. मग चढावर दोघं दिसेनाशी झाली.

"कोन व्हतं रं?"

"अर्जुनरावाचा मानूस असंल."

"असंल म्हंजी?"

आश्रुबानं फोन पुसला, परत लावला, खिशात ठेवला.

मागून डोंगराच्या वाटेनं घंटा वाजायला लागल्या. पावसामुळं नाथानं कळप लवकरच वळवला होता. मायांचा आवाज ऐकून वाघरीच्या जाळीत कोंडलेल्या कोकरांनी एकच कालवा केला. बबिता पुढं होती. ती लांबूनच वस्तीवर नजर फिरवत येत होती, एकदा झोपडीकडं, एकदा वाघरीकडं.

सारजाबाईनं घोंगडी पिळून खांद्यावर टाकली, वाघरीचा खुंटा उपटला आणि एक एक कोकरू त्याच्या त्याच्या मायला लावायला बसली.