सख्ख्या काकाला स्ट्रेचरवर घालणारी महेश्वरी

उमरग्याच्या आगीच्या बंबावर चढणारी पयली पोरगी कोण, असं सास्तूर गावात कुणालाबी इचारा. शेंबडं पोरगंबी सांगंल, महांतप्पाची महेश्वरी! बारावी झाली तवा लोकं म्हणली, उजवून टाका. आन् ही बया पाण्याचा पाइप खांद्यावर घिऊन जळत्या कडब्याच्या गंजीला भिडली. अशी धमक तालुक्यात दुसऱ्या कुणात असंल तर दाखवा.

यंदा जिल्ह्यानं एक ट्रेनिंग काढलं. आग लागू दे, पूर येऊ दे, भूकंप होऊ दे, तिथं धावणाऱ्या समद्यांना हुकूम एकाच माणसाचा. त्याला म्हणायचं कमांडर. जो पास होईल त्याच्या हाताखाली अख्ख्या तालुक्याचं पथक. महेश्वरीला ते पायजेच होतं.

पर पयल्या परीक्षेत गडी आपटला. कामाला कच्ची म्हणून न्हाय. ढिगाऱ्यातनं आवाज आला तशी ही सवताच दगड उपसाया लागली. शिकवणारे रणधीर सर म्हणाले, "महेश्वरी, तू दगड उचलत होतीस, तेव्हा तुझी माणसं कुणाच्या तोंडाकडं बघत होती?" आता एकच संधी उरली.

ती परीक्षा सास्तुरातच, जुन्या गावठाणात. पडकी भिंत, भिंतीआड करिश्मा नावाची नर्स जखमी म्हणून निजवलेली, भवती लाल पट्टी. भिंतीला टेकू लागल्याबिगर पट्टीच्या आत पाय टाकायचा न्हाय, असा नियम. बघाया गाव लोटलेलं.

आन् पथकात कोण? बंडप्पाकाका! हिचे सख्खे चुलते, जुने होमगार्ड. त्र्याण्णवच्या भूकंपात ह्या माणसानं उघड्या हातानं माती उकरून माणसं काढलेली. घरात काका आले की महेश्वरी उठून उभी राहायची. त्यांच्यापुढं आवाज चढवायची कुणाची बिशाद!

करिश्मानं असा टाहो फोडला की बायकांनी तोंडाला पदर लावला. काकांनी पट्टी वर केली आन् शिरले आत. त्यांचं बघून पथकातले अजून दोघं निघाले.

महेश्वरीनं शिट्टी मारली. "काका, मागं या!"

"येडी झाली का गं? आत जीव वरडतोय आन् तू पट्टी दाखवतीस? भूकंपात म्या कुणाला इचारून गेलतो?"

गर्दीतनं कुणीतरी खाकरलं. काकांना आडवं बोलावं तर घरात तोंड दाखवायची चोरी. न्हाय बोलावं तर मागचे दोघंबी शिरतील, आन् कमांडर नावालाच.

"काका, भिंत पडली तुमच्या अंगावर."

काकांनी वर बघितलं. "कुठं पडली?"

"म्या म्हणते पडली. तुम्ही जखमी हाव. खाली निजा."

काकांच्या मिशा थरथरल्या. मागच्या दोघांचे पाय मातर आपसूक पट्टीबाहेर आले. काकांनी त्या दोघांकडं बघितलं, पुतणीकडं बघितलं, आन् टोपी छातीवर धरून मातीत आडवे झाले. मग जो हशा पिकला!

"सिदू, भिंतीला टेकू. व्यंकट, स्ट्रेचर तयार ठेव," महेश्वरी पथकाला सांगत सुटली. दोन्ही हात पाठीमागं. एका दगडाला बोट लावलं न्हाय. टेकू बसला, आधी करिश्मा निघाली, मग काका.

"हळू घ्या की रे, उसाची मोळी हाय व्हय?" काका स्ट्रेचरवरनं वरडले.

रणधीर सर पुढं आले. "एक माणूस जखमी केलास."

"व्हय सर. दोन वाचले."

"हेच बघायचं होतं. पास!"

टाळ्या पडल्या, चहा आला, लोकं पांगाया लागली. बंडप्पाकाका मातर स्ट्रेचरवरच.

व्यंकट म्हणला, "उठा की काका, संपलं समदं."

"तू कोण रं सांगणारा?" काकांनी डोळं मिटूनच जवाब दिला. "जिनं निजवलं, ती सांगंल तवा उठीन."

महेश्वरी गेली. पायाला हात लावायला वाकली, तशी मधीच थांबली. मग ताठ उभी राहिली आन् साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणली, "उठा काका."

आन् काका उठले.