कॅरिअरला अर्थ

“नाना, तुमच्या कॅरिअरला अर्थच नाही!”

मी जीपच्या टपावरून ओरडलो आणि खाली उभे असलेले नाना भडकले.

“अर्थ नही? आरे भाऊ, त्या कॅरिअरवरच तं मनं बठ्ठं घर चाली ऱ्हायनं!”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्यात माझं गाड्यांचे रेडिओ बसवायचं, दुरुस्त करायचं दुकान होतं. खिशात टेस्टर अडकवला की मला जगातलं सगळं कळतं असं वाटायचं. बायकोचं मत वेगळं होतं. “घरचा रेडिओ चापट मारल्याशिवाय लागत नाही, तो आधी बघा.”

नाना एरंडोलचे. धुळे–एरंडोल काळीपिवळी जीप चालवायचे. टपावर सामानासाठी नवं लोखंडी कॅरिअर बसवलं आणि रेडिओ बिघडला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा, वर खरखर. एरवी त्यांनी फिकीर केली नसती. पण आखाजी तोंडावर होती.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशातली लेक त्या दिवशी माहेरी येते, झोके घेते, गौराईची गाणी म्हणते. नानांची लता रावेरला दिलेली. ऐन सणाला तिच्या सासूचं ऑपरेशन निघालं, येणं रद्द. पण त्याआधी तिच्या महिला मंडळाची गाणी जळगावच्या रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड करून ठेवली होती. ती आखाजीच्या दुपारी लागणार होती, आणि त्या वेळी नाना जीपमध्ये असणार होते.

“दुसरास्न्या पोरी माहेरले लई जासू,” नाना म्हणाले. “मनी पोर तं रेडिओवरच येई. तेवढी नीट येऊ दे.”

आधी मी इंजिनची खरखर दाबणारे कंडेन्सर बदलले. दुकानात रेडिओ झकास वाजला. मी कॉलर ताठ केली. नाना चौकापर्यंत चक्कर मारून आले.

“भाऊ, तुना दुकानमा गोड गास, रस्तावर खोकलस.”

तेव्हा टपावर चढलो. कॅरिअर हाताने हलवलं. रेडिओत खर्र! सापडलं. बॅटरीचं एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, त्याला आम्ही अर्थ म्हणतो. गाडीतलं सगळं लोखंड त्या पत्र्याशी घट्ट बांधलेलं हवं. नानांचं कॅरिअर मात्र जाड ऑइलपेंट आणि रबराच्या तुकड्यांवर अधांतरी बसलेलं. गाडी हलली की कुठे टेकायचं, कुठे सुटायचं. इंजिनातल्या प्लगच्या ठिणग्यांची खरखरही उचलायचं आणि शेजारच्या एरियलला ऐकवायचं. एरियल तरी कुठे? टपाच्या मधोमध, कॅरिअरच्या दांड्यांमध्ये कोंडलेली. तिच्यापर्यंत जळगाव पोचणार कसं?

हे सगळं सांगितल्यावर नाना निवळले. “मंग देना त्याले अर्थ!”

कॅरिअरच्या पायांखालचा रंग खरवडला. तांब्याच्या विणलेल्या पट्टीने ते पत्र्याला बांधलं. एरियल काढून पुढच्या मडगार्डवर घेतली. ड्रिल लावताना नानांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्याच मांडीला भोक पडत होतं जणू.

“तू संगे चाल,” ते म्हणाले. “नही वाजना तं तठेच तुले उतारी दिसू.”

आखाजीच्या दुपारी मी पुढच्या सीटवर. मागे माहेरी निघालेल्या लेकी, त्यांची कच्चीबच्ची. टपावर ट्रंका, वळकट्या आणि कुणाच्या तरी झोक्याची भलीमोठी लोखंडी साखळी. ती साखळी पाहून मी निघण्याआधी तांब्याची पट्टी पुन्हा ओढून पाहिली. पण पारोळा मागे पडलं तरी रेडिओ स्वच्छ. निवेदिकेने मंडळाचं नाव घेतलं. नानांनी वेग कमी केला, मान स्पीकरकडे झुकवली. गाणं सुरू झालं.

“अवो, गौराईनं गानं!” मागून एक जण ओरडली. आणि सगळ्या जणी टाळ्या वाजवत गाऊ लागल्या. रेडिओ बुडाला.

या खरखरीवर माझ्याकडे कंडेन्सर नव्हता. त्यांना गप्प करायला मी मागे वळलो. नानांनी माझा दंड धरला.

“गाऊ दे. त्यास्नं बी माहेर यी ऱ्हायनं.”

गाणं संपलं. नानांनी पुन्हा वेग धरला. मला राहवेना. लताला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी ठोकून दिलं, “नाना, लताचा आवाज लागला बरं का. सगळ्यात वरचा.”

नाना समोर रस्त्याकडे बघत हसले. “वरना नही रे. तिना खालना शे. माले ऐकू उना.”

मग एरंडोल येईपर्यंत त्यांनी रेडिओ बंदच ठेवला.

तेव्हा, टपावर काही बसवाल तर रंग खरवडून बसवा, आणि एरियल त्यापासून लांब घ्या. एवढं मी आजही खात्रीने सांगतो. माझी लेक आता बंगळूरला असते. फोनवर खरखर अजिबात नाही. आखाजीला येतेस का, असं विचारलं की पलीकडे जरा वेळ शांतता होते. तीही अगदी स्वच्छ ऐकू येते. त्या शांततेला अर्थ कुठून द्यायचा, ते मात्र या धंद्यात कुणी शिकवलं नाही.