मोळीखालून दिसलेली गाडी

त्या काळ्या गाडीचं दार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. साठच्या दशकाची सुरुवात होती, मी शहापूरला फौजदार होतो. मध्यमवर्गाला परवडणाऱ्या छोट्या चारदारी गाड्या तेव्हा नुकत्याच दिसू लागल्या होत्या. पाच माणसं मावायची, मागे डिकी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. आमच्याकडे अशा दोनच, दोन्ही काळ्या, पण वेगळ्या बनावटीच्या. एक आसनगावच्या टॅक्सीवाल्याची, दुसरी लाकडाच्या ठेकेदाराची.

सापगावच्या वळणावर एका सकाळी काळ्या गाडीनं म्हाताऱ्या मजुराला उडवलं. चालकानं उतरून पाहिलं आणि गाडी पळवली. तासाभरात ठेकेदार आपल्या गाडीतून ठाण्यात आला. टॅक्सी भरधाव जाताना पाहिली म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि टॅक्सीवाल्याला कोठडीत घातलं.

"सायेब, मी तिकडं गेलोच नाय," तो दोन दिवस एवढंच सांगत होता. त्याचं लायसन जाणार होतं, वर तुरुंग.

साक्षीदार एकच, मोळी घेऊन निघालेली वाडीतली बाई. पहिल्या दिवशी ती "तोंड नाय दिसला" म्हणाली आणि मी तिला वाटेला लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, तर ती मोळी घेऊनच आली.

"मोली डोळ्यांवर आलेली, खालचाच दिसला. मी गाडीच्या म्होरं व्हते. कंबरेपासून बुटापर्यंत अख्खा दिसला."

मी टॅक्सी आवारात आणली. बाईला समोर उभं करून हवालदाराला गाडीतून उतरायला लावलं. दार त्याच्यापुढे आडवं आलं, फक्त पावलं दिसली.

"ही नाय, सायेब. त्याचा दार पाठी व्हता."

मी चपापलो. ठेकेदाराच्या गाडीचं पुढचं दार उलटं उघडायचं, बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे उघडलं की ते उतरणाऱ्याच्या पाठीमागे जायचं. खबर द्यायला आला तेव्हा तो माझ्यादेखत त्याच दारातून उतरला होता!

त्याला बोलावलं. "तुमची गाडी पाहणारं कोणीतरी आहे," एवढंच म्हणालो.

"त्या मोळीवालीचं काय ऐकता, साहेब?"

"साक्षीदार बाई आहे, हे मी कुठं बोललो?"

तो म्हणाला, "चूक झाली."

म्हातारा वाचला, पण लंगडा झाला. टॅक्सीवाल्याची मी माफी मागितली. तो पाठ फिरवून निघून गेला, आणि ते योग्यच होतं.

एक गोष्ट मात्र मला आजही खाते. ठेकेदाराला मी खुर्ची दिली आणि बाईचा पहिला जबाब घेतला तो मोळी तिच्या डोक्यावर असतानाच. तिला घाई होती, मला कंटाळा. नंतरच्या नोकरीत आधी माणसाचं ओझं उतरवलं, मगच कागद पुढे ओढला.

त्या तिसऱ्या दिवशी बाई निघाली तेव्हा मोळी मीच उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती किती जड होती, हे मला तेव्हा कळलं.