रिकामी पाकिटं

टीबीच्या गोळ्या आणायला मी कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात जायचो, तेव्हा शेरडं राखणारी एक बाई तिथं भेटायची. नाव कधी विचारलं नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं पदराच्या गाठीतून सोडून ती सिस्टरला दाखवायची. मीही दाखवायचो. माझ्या गोळ्या मात्र, मळमळतं म्हणून, मोरीत गेलेल्या असायच्या.

एके दिवशी तिचा शेवटचा रिपोर्ट साफ आला. "जितले बगा, भाऊ!"

"फुकटच्या गोळ्यांवर," मी म्हणालो.

"फुकट काहून? साऱ्या लोकायनं पैसं भरून दिल्या. गिळायचं तेवढं माझ्याकडं व्हतं."

त्याच दिवशी मी सिस्टरला सगळं खरं सांगितलं. माझे उपचार पहिल्यापासून सुरू झाले.

काल माझाही रिपोर्ट साफ आला. शेवटचं रिकामं पाकीट खिशात ठेवलंय. भेटली की तिला दाखवायचंय.