मापात पाप

माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांना 'काटासाहेब' म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतं काटा. ते दुकानात शिरले की दुकानदाराचं बोट पारड्यावरून आपोआप उठायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण मापात पाप शोधायची खोड काही गेली नाही. अशा माणसाच्या घरात नांदायचं म्हणजे रोज तपासणीला उभं राहायचं, आणि मी काही गरीब गाय नव्हे.

प्रोस्टेटमुळे त्यांची लघवी तुंबली. दवाखान्यात नळी घातली आणि पंधरा दिवसांसाठी पिशवीसकट घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी पलंगाखाली लटकू द्या, पाणी भरपूर पाजा, आणि रोजची लघवी मोजून लिहून ठेवा. हे शेवटचं त्यांनी सांगायला नको होतं.

"किती?" मी पिशवी रिकामी करायला लागले की बाबा विचारत.

"पाचशे."

"पाचशे की चारशे ऐंशी?"

"बाबा, लघवी आहे, केशर नाही."

नवऱ्याला हसू आवरेना. बाबांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्यांचा डोळा लागला की मी नळीचा जोड काढून थोडी परस्पर ओतून देते, म्हणजे पिशवी रिकामी करायला मला सारखं उठायला नको, असं त्यांनी मुलाच्या कानात सांगितलं. कान त्यांचे अधू, त्यामुळे कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे सगळं करायचं मी, आणि संशयही माझ्याच हातांवर!

सहाव्या दिवशी लघवी कमी झाली. दुपारपर्यंत जेमतेम दीडशे. "बघ, चोरी चालू आहे," ते मुलाला म्हणाले. मला वेगळाच संशय: मला खोटं पाडायला हे पाणी पीतच नाहीत, पेला खिडकीतल्या कुंडीत ओततात. मी कुंडीत बोट खुपसून पाहिलं. माती कोरडी होती. तरी मला पटलं नाही.

संध्याकाळी नळीच्या कडेने चादर ओली झाली. "तूच जोड सैल केलास," ते म्हणाले. ओटीपोट फुगून दुखतंय, हे मात्र दोनदा विचारल्यावर सांगितलं. मग हुडहुडी भरली, अंग तव्यासारखं तापलं, आणि ते मला त्यांच्या ऑफिसातला शिपाई समजून हुकूम सोडायला लागले. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी घाबरले.

नवरा रिक्षा आणायला धावला. बाबांना उठवायला मी पांघरूण दूर केलं आणि जोडाशी रबरी नळीवर मेण लावलेला दोरा दिसला. चार वेढे, वर खात्याची गाठ. काट्याला सील लावताना मारतात ती. जोड कुणी उघडलाच, तर दोरा तुटलेला सापडावा म्हणून. त्या दोऱ्याने नळी आवळून चपटी झाली होती. मी कात्री लावली. पिशवी भराभर भरू लागली. लघवी गढूळ होती आणि घाण वास मारत होती.

दवाखान्यात पाच दिवस गेले. जंतू रक्तात शिरायच्या बेतात होते, असं डॉक्टर म्हणाले. नवी नळी घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जुनी दबली कशी?"

बाबा छताकडे बघत होते. दोरा माझ्या पर्समध्ये होता.

"अंगाखाली आली असेल," मी म्हटलं.

घरी आल्यावर पहिली पिशवी मी उजेडात धरली. "सहाशे," म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. बाबांनी नोंदीची वही माझ्याकडे सरकवली.

"लिही," ते म्हणाले. "शिक्का मारला समज." मग हळूच, "आणि तो दोरा टाकून दे."

मला भरून आलं. दोरा केराच्या डब्यात टाकून मी परत आले, पांघरूण उचललं आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली.

"काय शोधतेस?"

"काही नाही, बाबा. तुमचीच सून आहे."